उष्णता उपसण्याची भाषा : शीतकरण-शिक्षणातील मराठीचे परीक्षण

शास्त्रीय विषयांच्या मराठी अध्यापनाची चर्चा निघाली की ती बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. ‘कॉम्प्रेसर’ला ‘संपीडक’ म्हणावे की मूळ शब्दच ठेवावा, ‘कंडेन्सर’च्या जागी ‘संघनक’ रुळेल काय, ‘इव्हॅपोरेटर’ला ‘बाष्पक’ म्हणावे तर ‘बाष्पके’ हा शब्द शासनव्यवहारात बॉयलरसाठी आधीच योजिला गेला आहे, त्याचे काय करावे, अशा प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६१ साली केंद्रात वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावलीचा आयोग नेमला गेला. या दोन्ही ठिकाणी झालेले कोशकार्य मोलाचे आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु कोशाची घडणच अशी की त्यात नामाला आसन मिळते आणि क्रियापद दाराबाहेर उभे राहते. विद्यार्थी मात्र यंत्र समजून घेतो ते क्रियापदाच्या साहाय्याने. यंत्र काय करते, कोणावर करते, कोठून कोठे करते, या प्रश्नांची उत्तरे संज्ञेत नसतात, ती वाक्यात असतात. इमारती थंड व उबदार ठेवण्याचे तंत्र मराठीतून शिकविताना जी वाक्ये वापरली जातात, त्यांतील क्रियापदे तपासली असता काही चमत्कारिक गोष्टी आढळतात. आणि त्यांचे परिणाम व्याकरणापुरते मर्यादित राहत नाहीत.

हा विषय किरकोळ नव्हे. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ प्रसिद्ध केला. २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची एकूण मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करावी, तसेच २०२२-२३ पर्यंत दुरुस्तीकाम करणाऱ्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र द्यावे, अशी उद्दिष्टे त्यात मांडली होती. हे तंत्रज्ञ जेथून येतात त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. महाराष्ट्रातील अशा वर्गात संज्ञा इंग्रजी आणि वाक्य मराठी असा व्यवहार सामान्यतः चालतो. त्यात गैर काही नाही. ‘कॅपिलरी’ला मराठी पर्याय न सापडल्याने कोणाचे यंत्र बंद पडलेले नाही. अडचण आहे ती त्या इंग्रजी संज्ञांना जोडल्या जाणाऱ्या निखळ मराठी क्रियापदांची.

‘कूलिंग येत नाही’ हे वाक्य घ्यावे. ग्राहक ते बोलतो, तंत्रज्ञ ते बोलतो, शिकविणाराही तेच बोलतो. येथे ‘कूलिंग’ हा कर्ता आहे आणि ‘येणे’ ही त्याची क्रिया. नळाला पाणी येते, दिव्याला वीज येते, तद्वत यंत्राला कूलिंग येते. म्हणजे थंडी हा एक पदार्थ आहे, तो यंत्रात तयार होतो आणि खोलीत ओतला जातो, अशी या वाक्याची धारणा आहे. भौतिकशास्त्र नेमके उलट सांगते. खोलीत काही येत नाही; खोलीतून काहीतरी जाते. भिंतीवरची पेटी खोलीतील उष्णता शोषून घेते आणि बाहेरची पेटी ती रस्त्यावर टाकते. ‘कूलिंग येत नाही’ याचे शास्त्रशुद्ध रूप ‘उष्णता जात नाही’ असे होईल. दोन वाक्यांत केवळ शब्दांचा फरक असता तर तो सोडून देता आला असता. परंतु पहिल्या वाक्याने विचार करणारा तंत्रज्ञ आतल्या पेटीकडे पाहतो, दुसऱ्या वाक्याने विचार करणारा बाहेरच्या पेटीकडेही पाहतो : तिच्यावर धूळ साचली आहे काय, तिच्यापुढे भिंत आली आहे काय, एका सज्ज्यात चार पेट्या एकमेकींच्या तोंडावर गरम हवा सोडीत आहेत काय.

थंडीला पदार्थ मानण्याची ही सवय मराठीत जुनी आहे. सब्जा थंड, कोकम थंड, आंबा उष्ण. ‘अंगात उष्णता झाली’ हे दुखण्याचे नाव. लोकव्यवहारातील मराठीत शीत आणि उष्ण हे दोन समान दर्जाचे गुण आहेत, एकाचा अभाव म्हणजे दुसरा नव्हे. ही मांडणी आहारविचारात आपल्या जागी शोभतेही. पण ती मनात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ‘बर्फाळ पाण्यातही उष्णता असते’ हे वाक्य शब्दशः विसंगत वाटते, आणि ते तसे वाटणार हे अध्यापकाने गृहीत धरले पाहिजे. पाठ्यपुस्तके ते धरीत नाहीत. दहावीच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ अशी संज्ञा येते. संज्ञा चांगली घडविलेली आहे. ‘उष्मा’ हा शब्द मात्र विद्यार्थ्याच्या कानावर वृत्तपत्रातून ‘शहरात उष्मा वाढला’ असा पडलेला असतो. एका ठिकाणी तो ज्यूलमध्ये मोजावयाची राशी, दुसऱ्या ठिकाणी अंगाची लाही. एकाच शब्दाला दोन धनी झाले म्हणजे विद्यार्थी आपल्या ओळखीच्या धन्याकडे जातो.

‘वातानुकूलन’ या शब्दाची कथा याहून वेगळी आणि काहीशी मौजेची आहे. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव १९०६ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातील स्टुअर्ट क्रेमर या अभियंत्याने प्रचारात आणले. क्रेमर कापडगिरण्यांतला माणूस. सूत तुटू नये म्हणून त्याला योग्य ओलावा देण्याच्या क्रियेस त्या धंद्यात ‘कंडिशनिंग’ म्हणत, तोच शब्द त्याने हवेला लाविला. म्हणजे मूळ अर्थात थंडी नव्हती, ओलावा होता. आणि सोय पाहावयाची ती माणसाची नव्हे, सुताची. मराठीत ‘अनुकूलन’ हा शब्द निवडणाऱ्याने मूळ शब्दातील संयत भाव उत्तम टिपला आहे. हवा अनुकूल करणे, थंडगार करणे नव्हे. परंतु हा शब्द पाट्यांवर व तिकिटांवर राहिला. बोलण्यात त्याची जागा ‘एसी’ने घेतली आणि ‘अनुकूल’ हा विचार शब्दाबरोबरच गेला.

याच्या उलट प्रकार ‘टन’ या मापाचा. ‘दीड टनाचा एसी’ म्हटल्यावर नवशिक्याला वजन आठवते, आणि गंमत अशी की तो अगदीच चुकलेला नसतो. दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा अमेरिकी टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषून घेईल तो वेग म्हणजे एक टन; आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॉट. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या बर्फाने भरलेले जहाज बोस्टनहून १८३३ साली कलकत्त्यास आले, त्या काळच्या व्यवहाराची ही खूण मापात अडकून राहिली आहे. या जुनाट मापात ‘वितळणे’ व ‘शोषणे’ ही दोन योग्य क्रियापदे दडलेली आहेत. वर्गात ‘एक टन म्हणजे बारा हजार बीटीयू’ एवढेच घोकून घेतले जाते, तेव्हा नेमकी तीच गळून पडतात.

मग योग्य क्रियापद कोणते? मराठीत ते तयार आहे, आणि ते कोशकाराला घडवावे लागत नाही : ‘उपसणे’. विहिरीतील पाणी उपसतात, होडीत शिरलेले पाणी उपसतात. जे आपण होऊन वर येणार नाही ते श्रम करून वर काढणे असा या शब्दाचा अर्थ आहे. रुडॉल्फ क्लाउझिउसने १८५० च्या सुमारास मांडलेला नियम हाच की उष्णता थंडाकडून उष्णाकडे आपण होऊन जात नाही. ती न्यावयाची तर श्रम खर्चावे लागतात. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला शास्त्रज्ञ, याने १८५२ साली ग्लासगोत वाचलेल्या निबंधाचा विषयच हवेच्या प्रवाहाने इमारती काटकसरीने उबदार किंवा थंड कशा ठेवाव्यात हा होता. बाहेरच्या थंड हवेतील उष्णता यंत्राने आत आणण्याची कल्पना त्यात स्पष्ट आहे. झुरिकच्या राटहाउसमध्ये १९३८ साली लिमात नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून दालने उबदार करण्याचे यंत्र बसविण्यात आले. आज युरोपात घरे तापविण्यासाठी ज्या ‘हीट पंपा’चा पुरस्कार होतो तो हाच, आणि खोलीतला एसीही तत्त्वतः हाच, फक्त एक आतून बाहेर उपसतो, दुसरा बाहेरून आत.

‘उपसणे’ या क्रियापदाचा खरा लाभ असा की त्यामागोमाग खोली येते. विहीर जितकी खोल तितके घागरीमागे श्रम अधिक, हे मराठी विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. बाहेर ४० अंश सेल्सिअस असता खोली २४ अंशांवर ठेवणे म्हणजे १६ हात खोलीवरून उपसणे. १८ अंशांवर ठेवणे म्हणजे २२ हातांवरून. यंत्राचे थंड नळे खोलीहून थंड आणि गरम नळे बाहेरच्या हवेहून गरम ठेवावे लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष विहीर याहूनही खोल असते. शिवाय खोली जितकी थंड तितकी बाहेरून झिरपणारी उष्णताही अधिक, म्हणजे घागरीही वाढतात. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे जे ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी सांगते, आणि जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा जो नियम झाला, त्यांचे कारण या एका उपमानातून उलगडते. ते घोकावे लागत नाही.

उपमानाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धवट उपमान हे अर्धवट परिभाषेइतकेच घातक असते. सादी कार्नोने १८२४ साली उष्णतेच्या सामर्थ्याची तुलना धबधब्याशी केली, तेव्हा उष्णता हा अविनाशी द्रव आहे या समजुतीची छाया तीवर होती. विहिरीतून दहा घागरी काढल्या तर वर दहाच येतात. उष्णतेच्या उपशात मात्र उपसणाऱ्याचे श्रमही उष्णता होऊन वरच्या हौदात पडतात : तीन घागरी काढल्या आणि एका घागरीचे श्रम झाले तर वर चार मिळतात. एसीच्या बाबतीत ही चौथी घागर रस्त्यावर सांडते आणि शेजाऱ्याचा उकाडा वाढविते. पाणी तापविण्याच्या पंपाच्या बाबतीत ती पदरात पडते. साध्या गीझरमध्ये एक युनिट विजेची एक युनिट उष्णता होते, उष्णतापंपात त्याच युनिटावर सुमारे तीन-चार युनिटे मिळतात, ती अशी.

येथे ‘कार्यक्षमता’ हा शब्द अडखळवितो. ‘एफिशिएन्सी’साठी रूढ झालेल्या या शब्दाने विद्यार्थ्याला शिकविलेले असते की ती शंभर टक्क्यांहून अधिक असूच शकत नाही. त्याच विद्यार्थ्याला पुढील वर्षी उष्णतापंपाची कार्यक्षमता ३५० टक्के आहे असे सांगणे म्हणजे आधीच्या वर्षीचा गुरू खोटा ठरविणे होय. इंग्रजीत यासाठी वेगळी संज्ञा आहे, मराठीत ‘कार्यगुणांक’ असा शब्द सहज वापरता येतो. पण त्याहून सोपे ‘उपशाचे प्रमाण’ : एका युनिटात किती घागरी? जाता जाता एक नोंद करावीशी. न्हाणीघरातील तांब्याचा ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यावरून आल्याचे मानले जाते; आगीचा बंबही तोच. पाणी तापविण्याच्या उष्णतापंपाला मराठीत निराळे नाव शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यंत्राकडून माणसाकडे वळले की मराठीची अडचण उलट्या बाजूची होते. तेथे शब्दांची टंचाई नसून विपुलता आहे, आणि अभ्यासक्रम तिचा उपयोग करीत नाही. उकाडा, काहिली, तलखी, झळ, दमट, कोंदट. गारवा, थंडावा, गारठा, काकडा, ऊब. यांतील ‘उकाडा’ या एका शब्दात तापमान, ओलावा आणि वाऱ्याचा अभाव या तिन्ही गोष्टी आहेत, ज्यांसाठी तंत्रज्ञाला तीन उपकरणे लागतात. ‘झळ’ कोरडी असते. नागपूरच्या झळीला वाळ्याची ताटी किंवा कूलर पुरतो, कारण कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना दर किलोग्रॅममागे सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते. मुंबईच्या उकाड्यात तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. कोठे कोणते यंत्र बसवावे याचा निम्मा निर्णय या दोन शब्दांच्या भेदात आहे. पाठात मात्र दोन्ही ठिकाणी ‘उष्ण हवामान’ एवढेच येते.

संशोधकांनाही येथे सावध राहावे लागेल. माणसाला कोणते तापमान सुखावह वाटते हे ठरविण्यासाठी सात पायऱ्यांची जी मोजपट्टी जगभर वापरतात तीत अति-शीतापासून अति-उष्णापर्यंत क्रम असून मध्यबिंदू ‘ना थंड ना गरम’ असतो. तिच्या एका पायरीवरील इंग्रजी ‘कूल’चे मराठीत ‘गार’ केले की ती पायरी उरत नाही, तो अभिप्राय होतो. ‘गार वाटते’ म्हणणारा मराठी माणूस बहुधा समाधान व्यक्त करीत असतो, मध्यबिंदूपासून ढळल्याची तक्रार नव्हे. उलट ‘वॉर्म’साठी ‘उबदार’ म्हणावे तर मे महिन्यात तो शब्द कोणी उच्चारणार नाही. प्रश्नावलीचे भाषांतर हे काम संख्याशास्त्रज्ञाच्या कारकुनावर सोपवावे इतके क्षुल्लक नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात विकसित झालेल्या आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्थान मिळालेल्या भारतीय प्रतिमानानुसार, बाहेरचे सरासरी तापमान ३० अंश असता नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीतील माणसांना सुमारे २९ अंशही सुसह्य वाटतात. ‘२२ अंश म्हणजे आराम’ या आयात समजुतीला हा आकडा छेद देतो. असे आकडे लोकांच्या तोंडच्या शब्दांवर उभे असतात, म्हणून ते शब्द काळजीने निवडावे लागतात.

इमारतीचा विचार अभ्यासक्रमात कोठे येतो, हाही भाषेचाच प्रश्न म्हणावा लागेल, कारण क्रम हे एक व्याकरण आहे. होडीत पाणी शिरत असेल तर शहाणा माणूस आधी भोक बुजवितो, मग उपसतो. यंत्राच्या पाठात कॉम्प्रेसर आधी येतो. भिंत, छप्पर, खिडकीची काच आणि छज्जा ही ‘भार मोजणी’च्या प्रकरणात मागाहून येतात. ‘भार’ हा शब्दही पाहावा : जणू तो दैवाने यंत्रावर ठेवलेला आहे, कमी करणे कोणाच्या हाती नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या ‘इको निवास संहिते’ने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली; तिच्यात कर्ता ‘इमारत’ आहे, ‘यंत्र’ नाही. ‘कमी कर्बाची इमारत’ हा नवा शब्दप्रयोगही असाच दिशाभूल करणारा. शेतीत ‘सेंद्रिय कर्ब’ जमिनीत असलेला बरा, लाकडी तुळईत तर कर्बच असतो. मग कमी कर्बाची इमारत म्हणजे लाकूड न वापरलेली काय? अभिप्रेत आहे ते कर्बाचे उत्सर्जन. येथेही क्रिया दर्शविणारा शब्द गाळला गेला आणि अर्थ उलटला.

सर्वांत अधिक नुकसान करणारे क्रियापद शेवटी घ्यावे लागते, कारण ते सर्वांत अधिक रूढ आहे : ‘गॅस भरणे’. स्वयंपाकघरातील सिलिंडर संपतो, पुन्हा भरून येतो. गाडीत पेट्रोल भरतात. त्याच चालीवर ‘एसीचा गॅस संपला, भरून घ्या’ असे वाक्य बनते आणि त्यात कोणालाही खटकत नाही. वास्तविक एसीतील प्रशीतक इंधन नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो, उपशाच्या दोरीला बांधलेल्या घागरीसारखा. घागर संपली असे कोणी म्हणत नाही. प्रशीतक कमी झाला तर त्याचा अर्थ एकच, नळीला कोठेतरी छिद्र आहे. ‘भरणे’ हे क्रियापद ते छिद्र झाकते. तंत्रज्ञ प्रशीतक घालून जातो, पुढील उन्हाळ्यात पुन्हा येतो, आणि मधल्या काळात जे निसटले ते हवेत जाते.

ते किती जड असते याचा हिशेब साधा आहे. आर-४१०ए हा प्रशीतक शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट तापवितो, आर-२२ हा १८१० पट, आर-३२ हा ६७५ पट. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, अवघा सुमारे ३ पट. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरल्यास, हवेत सोडलेला एक किलोग्रॅम आर-४१०ए सुमारे तीन हजार युनिटे विजेच्या बरोबरीचा ठरतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तीनुसार अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवावयाचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. करार दिल्लीत पाळला जाईल की नाही हे पुष्कळ अंशी तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्यात पान्हा घेऊन बसलेल्या माणसाने छिद्र शोधले की नाही यावर अवलंबून राहील.

यावर असा आक्षेप संभवतो की तंत्रज्ञ अडाणी नसतो, ‘गॅस भरणे’ हे केवळ बोलणे आहे, मनात त्याला सत्य ठाऊक असते. काही अंशी हे खरे. ‘सूर्य उगवला’ म्हणणारा खगोलशास्त्रज्ञही पृथ्वीच फिरते हे जाणतो. परंतु ‘सूर्य उगवला’ या वाक्यावर कोणाची मजुरी ठरत नाही. ‘गॅस भरण्याचे’ पैसे ग्राहक देतो, कारण त्या क्रियेला नाव आहे; छिद्र शोधण्याचे, नळ्यांतील उरलेला वायू बाटलीत काढून घेण्याचे, निर्वात करून वजनाने मोजून प्रशीतक घालण्याचे पैसे देताना तो कुरकुरतो, कारण त्या क्रियांना त्याच्या भाषेत नावच नाही. ‘रिकव्हरी’ हा इंग्रजी शब्द त्याला वसुलीसारखा ऐकू येतो.

प्रशीतकांच्या नव्या पिढीत याला आणखी एक धार आली आहे. आर-२२ आणि आर-४१०ए हे सामान्य परिस्थितीत पेट घेत नसत. आर-३२ मंदपणे पेटू शकतो, आर-२९० सहज पेटतो. ‘गॅस’ या एकाच शब्दाखाली कालपर्यंत न पेटणारा आणि आजपासून पेटणारा असे दोन्ही पदार्थ येतात. जुन्या यंत्राची गळकी नळी ज्या निश्चिंतपणे ज्योत लावून जोडली जात असे, तो निश्चिंतपणा शब्दाबरोबर नव्या यंत्रापर्यंत येतो. पाठ्यपुस्तकांत दोहोंना निरनिराळी नावे हवीत, आणि ती बाटलीवरच्या खुणेशी जुळणारी हवीत. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘गॅस कसा भराल?’ या प्रश्नाऐवजी ‘गॅस कोठून गेला?’ असा प्रश्न घालण्यास नव्या संज्ञेचीही गरज नाही.